तबकडी दिसेनाशी होते तिथे

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी भर तळ्यात, होडीत बसल्या बसल्या मी गुरुजींना दोन शब्दांचा एक प्रश्न विचारला. "पासष्ट ना?" एवढाच. तो अजून मनातून जात नाही.

झालं ते असं. दर पंधरा दिवसांनी आम्ही तिघं-चौघं तळ्याच्या मधोमध होडी नेतो आणि पाण्यात एक तबकडी सोडतो. वीस सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत रंगवलेली, दोन भाग काळे, दोन पांढरे. मधोमध भोक, त्यातून ओवलेला दोर, खाली वजन, दोरावर दर पाच सेंटिमीटरला रंगाची खूण. होडीच्या सावलीच्या बाजूने ती सोडायची, म्हणजे पाण्यावरची चमक डोळ्यांत येत नाही. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गुरुजी ओणवे होऊन दोर सोडत जातात. पांढरा रंग आधी पिवळसर होतो, मग हिरवट, मग नुसता एक पुसट डाग उरतो आणि तोही विरतो. तिथे दोर चिमटीत धरायचा. तबकडी आणखी थोडी खाली सोडायची, मग हळूहळू वर घ्यायची. पुन्हा दिसली की दुसरी चिमट. दोन्हींची सरासरी हा त्या दिवसाचा आकडा, सेंटिमीटरांत. आकडा जितका मोठा, तितकं पाणी नितळ. वही माझ्याकडे असते. "पंचेचाळीस," गुरुजी म्हणाले. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. वारा पडलेला होता, वल्ही थांबलेली होती, तबकडीवरून निथळणाऱ्या थेंबांचा आवाजसुद्धा येत होता. तरी मी वहीतून मान वर न करता विचारलं, "पासष्ट ना?"

"पंचेचाळीस." त्याच आवाजात, त्याच पट्टीत.

मी ४५ लिहिलं. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. गुरुजींच्या आलं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मला मात्र घरी आल्यावर जेवण गेलं नाही. आधीच्या खेपेला आकडा ७० होता. चारच दिवसांनी आम्ही आजूबाजूच्या लोकांना बोलावलं होतं आणि तीन वर्षांच्या नोंदींचा आलेख भिंतीवर लावायचा होता. माझ्या डोळ्यांसमोर ती रेघ होती, अडखळत का होईना, वर चढत गेलेली. तिच्या अगदी टोकाला ही घसरण मला नको होती. गुरुजींनी एक क्षण जरी घुटमळून "हं, पासष्ट" म्हटलं असतं, तर मी ते बिनदिक्कत लिहिलं असतं आणि ऐकण्यातली चूक म्हणून स्वतःला समजावलंही असतं. फार खोटं बोलावं लागत नाही माणसाला. नुसतं समोरच्याला खोटं बोलायची सोय करून द्यावी लागते.

या तबकडीला सेकी तबकडी म्हणतात. अँजेलो सेकी हा इटलीतला पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे वर्ग पाडणारा हा माणूस १८६५ साली पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून त्या किती खोलवर दिसतात ते पाहत होता. काळ्या-पांढऱ्या भागांची तबकडी पुढे १८९९ च्या सुमारास जॉर्ज व्हिपल यांनी आणली. दीडशेहून अधिक वर्षं झाली, पाणी मोजायची किती यंत्रं आली, तरी जगभरच्या तळ्यांवर लोक अजून हीच तबकडी सोडतात. तिला वीज लागत नाही, ती बिघडत नाही. तिला फक्त बघणारा लागतो. आणि मला वाटतं, तिथेच सगळी मेख आहे. काटा नाही, पडदा नाही. कुठे दिसेनासं झालं ते माणसानेच सांगायचं आणि दुसऱ्या माणसाने ते तसंच लिहायचं.

माझ्या आजीकडे हेच मोजमाप होतं. सेकीचं नाव तिने ऐकलेलं असण्याची शक्यताच नाही. मी सहा-सात वर्षांची असताना ती मला तळ्यावर न्यायची, स्वतः काठावरच्या दगडावर बसायची आणि मला सांगायची, "पायाची बोटं दिसतात तोवर जा. दिसेनाशी झाली की मागं फिर." मी खाली बघत बघत एकेक पाऊल टाकायचे. पाणी कमरेला लागायचं तरी बोटं दिसत असायची, जरा हललेली, जरा मोठी झालेली. लव्हाळ्याच्या मुळांशी बोटभर मासे स्थिर उभे असायचे आणि पाऊल पडलं की सगळे एकदम वळायचे. पुढे कधीतरी बोटं गुडघ्याएवढ्या पाण्यातच दिसेनाशी व्हायला लागली. नेमकं कोणत्या वर्षी, ते कुणीच लिहून ठेवलं नाही. तोवर माझं पाण्यात उतरण्याचं वयही गेलं होतं. तळं आजारी पडत असताना मी काठावरच्या रस्त्याने रोज जात-येत होते, आणि मला ते दिसलं नाही. हळूहळू होणारी गोष्ट रोज पाहणाऱ्यालाच सर्वांत कमी दिसते.

मग एकदा आम्ही काही जण जमलो आणि तळं वाचवायचं ठरवलं. पहिलं वर्ष आठवलं की आजही पोटात कालवतं. हौस प्रचंड होती. प्लॅस्टिक उचललं, बाटल्या उचलल्या, ते योग्यच होतं. पण त्याच भरात आम्ही काठावरचं पाणकणीस आणि लव्हाळा उपटून टाकला. काठ मोकळा दिसावा, फिरायला येणाऱ्यांना पाणी दिसावं, म्हणून. तीन रविवार खपलो. उपटलेल्या मुळांचा ओला, गोडसर, चिखलट वास हातांना दोन दिवस यायचा. त्या ढिगाऱ्यासमोर उभं राहून काढलेला आमचा फोटो माझ्याकडे आहे. सगळे हसतोय. ज्या झाडोऱ्याने आत येणारी माती अडवून धरली होती, ज्याच्या देठांच्या आडोशाला माशांची पिल्लं आणि पाण्यातले पिसवांएवढे जीव दडत होते, तोच आम्ही पायाशी रचून ठेवला होता. डॅफ्निया हे त्या पिसवांसारख्या जीवांपैकी एक. ते पाणी गाळून शेवाळ खातात. मासे त्यांना खातात, म्हणून दिवसा त्यांना लपायला जागा लागते. जागा आम्ही काढून घेतली, तेव्हा शेवाळाला खाणारं कुणी उरलं नाही. उथळ तळ्यांचं असंच असतं, असं नंतर वाचनात आलं. पाणवनस्पती असतात तोवर पाणी नितळ राहतं, आणि पाणी नितळ असतं म्हणून तळापर्यंत ऊन पोचून वनस्पती जगतात. हे चक्र एकदा तुटलं, की गढूळ तळं तितक्याच हट्टाने गढूळ राहतं. मोडायला तीन रविवार पुरतात, जुळायला किती लागतात ते आम्ही आता मोजतोय.

पुढच्या उन्हाळ्यात एका पहाटे मासे मेले.

मला फोन आला तेव्हा उजाडत होतं. काठाशी पांढऱ्या पोटांची एक पट्टी लागलेली. काही अजून जिवंत होते, तोंडं वर काढून पृष्ठभागावरची हवा ओढत होते. तो आवाज, कुणी ओठांनी हलकेच चुटचुट करावी तसा, मला विसरता येत नाही. पाणी रंगाच्या डब्यासारखं हिरवं होतं. जमलेले लोक म्हणत होते की कुणीतरी विष टाकलं. गुरुजी म्हणाले, विष नाही, रात्र. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही इतरांसारखाच श्वास घेतं, आणि खाली मेलेलं शेवाळ कुजताना आणखी प्राणवायू ओढतं. सूर्य उगवायच्या जरासं आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. शेवाळ फार झालं की तेवढ्यात मासे गुदमरतात. त्या सकाळी हवेत एक कोंदट, मातकट वास भरून होता. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तोच, फक्त जड झालेला. दोन्हींच्या मुळाशी जिओस्मिन नावाचं एकच द्रव्य आहे हे मला नंतर कळलं. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि पाण्यात शेवाळासारखे माजणारे नीलहरित जीवाणूही. जो वास मला आयुष्यभर प्रिय होता तो त्या दिवसापासून निखळ आनंदाने घेता येत नाही.

शेवाळ एवढं माजतं कशावर, हा प्रश्न मग टाळता येईना. त्याचं उत्तर देणारा एक फोटो गुरुजींनी दाखवला. कॅनडातल्या ओंटारिओत प्रयोगांसाठी राखून ठेवलेली काही सरोवरं आहेत. त्यांतलं २२६ क्रमांकाचं सरोवर डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली मध्यभागी प्लॅस्टिकचा पडदा लावून दुभागलं. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले, एका भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. विमानातून घेतलेल्या त्या फोटोत एक बाजू गडद, शांत आणि दुसरी हिरवीगार. मधे पडद्याची रेघ. मी तो फोटो बराच वेळ हातात धरून बसले होते. फॉस्फरस म्हणजे काही दूरची गोष्ट नव्हे. तो आपल्या मैलापाण्यात असतो, कपडे धुण्याच्या कित्येक पावडरींत असायचा, खतांत असतो, पावसाने वाहून आलेल्या मातीच्या कणांना चिकटलेला असतो. तळ्यात तो फेकायला कुणी मुद्दाम येत नाही. आपण आंघोळ करतो, धुणं धुतो, बागेला खत घालतो, उतारावरची माती उघडी टाकतो, आणि तो येत राहतो.

म्हणून दुसरं वर्ष आम्ही तळ्याकडे पाठ करून काढलं. म्हणजे खरंच पाठ करून, काठावरून उलट दिशेने, पाणी जिथून येतं तिकडे चालत. नाल्यांच्या कडेने, भिंतींच्या मागून, झाकणं उचलून. गुरुजींनी एक साधी खूण शिकवली. आठवडाभर पाऊस नसताना पावसाच्या नालीत पाणी वाहत असेल, तर ते पाणी पावसाचं नाही. कोरड्या दिवशी वाहणाऱ्या तीन नाल्या सापडल्या. त्यांपैकी एकीत मैलापाण्याची नळी सरळ सोडलेली होती, बाजूला साबणाचा फेस सुकून पापुद्रा धरलेला. ती नळी योग्य जागी जोडून घ्यायला अकरा महिने गेले. अर्ज, भेटी, पुन्हा अर्ज, "साहेब आज नाहीत", पुन्हा भेटी. त्या अकरा महिन्यांचा एकही फोटो नाही. रविवारी प्लॅस्टिक उचलायला चाळीस लोक यायचे, झाकण उचलायला चार. मला त्या उरलेल्या छत्तीस जणांचा राग यायचा, आणि लगेच आठवायचं की पाणकणीस उपटताना सगळ्यांत पुढे मीच होते.

या कामात धीर सुटायला लागला की मी अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या लेक वॉशिंग्टन या सरोवराकडे वळते. १९५५ साली तिथे डब्ल्यू. टी. एडमंडसन यांच्या विद्यापीठातल्या गटाला पाण्यात ऑसिलेटोरिया नावाचा नीलहरित जीवाणू सापडला. यूरोपातल्या सरोवरांत तो पुढच्या बिघाडाची वर्दी देणारा म्हणून ओळखीचा होता. पाणी अजून वाईट दिसत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. सरोवरात सोडलं जाणारं सांडपाणी दुसरीकडे वळवण्यासाठी एक नवी यंत्रणा उभी करायची होती, तिला लोकांची मान्यता हवी होती. १९५८ च्या मार्चमध्ये मतदानात तो प्रस्ताव पडला. बदल करून सप्टेंबरमध्ये पुन्हा मांडला, तेव्हा मंजूर झाला. सांडपाणी टप्प्याटप्प्याने वळवायला १९६३ ते १९६८ एवढा काळ लागला. मग पाणी निवळू लागलं, आणि १९७६ पासून डॅफ्निया भरपूर दिसायला लागल्यावर आणखी निवळलं. मला त्यातली निवळल्याची गोष्ट आवडतेच, पण मार्च ते सप्टेंबर हे सहा महिने जास्त आवडतात. हरल्यावर कुणीतरी पुन्हा दारोदार गेलं असणार. अर्थात तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेवटी समुद्राच्या खाडीकडे वळवलं गेलं, हे वाचून मन थोडं खट्टूही झालं. एका पाण्यावरचं ओझं उचलून दुसऱ्या मोठ्या पाण्यावर ठेवायचं, हे कुठेतरी टोचत राहतं.

आणि ओझं उचललं तरी तळं विसरत नाही. स्वीडनमधल्या ट्रुमेन सरोवरात सांडपाणी सोडणं १९५० च्या दशकाच्या अखेरीस थांबलं, तरी दहा वर्षं पाणी सुधारेना. इतकी वर्षं साचलेला फॉस्फरस गाळात होता आणि तो खालून वर येत राहिला. प्राणवायू असेपर्यंत गाळातलं लोह त्याला धरून ठेवतं. प्राणवायू संपला की ती मूठ सुटते. शेवटी १९७० आणि १९७१ साली तिथला सुमारे एक मीटर गाळ शोषून काढला, तेव्हा कुठे सरोवर सावरलं. आमच्याकडे तेवढी यंत्रं नाहीत. आमच्या तळ्याचा गाळ बांबूने ढवळला की बुडबुडे येतात, सडक्या अंड्याचा वास येतो. त्यात माझ्या लहानपणापासूनची सगळी वर्षं थरांवर थर देऊन बसली आहेत, असं वाटतं. बोटं दिसेनाशी झाली ते वर्षही तिथेच कुठेतरी असेल.

तळं राखील तो पाणी चाखील, अशी आपली म्हण. आता ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी हात मारण्यावर टोमणा म्हणून येते. पण म्हणीला इतकं गृहीत धरायचं कारण काय, की राखणाऱ्याला पाणी चाखावंसं वाटेल? आम्ही तीन वर्षं राखतोय, आणि आमच्यातल्या कुणाचीही ते पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावायची छाती नाही. नीलहरित जीवाणूंची काही विषं उकळूनही जात नाहीत. मी ती म्हण मनात घोळवते तेव्हा मला चाखण्याचाच शब्द जड वाटतो. राखणं जमेल एकवेळ.

त्या बैठकीत मी आलेख लावला. रेघेच्या टोकाला ४५. माणसं तीसेक आली होती. पहिल्याच बाईंनी विचारलं, "म्हणजे परत बिघडलं का?" मी म्हणाले, हो, या खेपेला बिघडलंय. आदल्या आठवड्यात मोठा पाऊस झाला आणि पाणी मातीने गढूळ आहे, शेवाळाने नाही, एवढं कळतंय. माती कुठून आली ते कळत नाही. दोघं-तिघं उठून गेले. ते बघून मला पुन्हा त्या पासष्टची आठवण झाली, आणि लाज वाटली ती अशासाठी, की या क्षणीही मला तो आकडा हवासा वाटत होता. मग मागे बसलेला एक माणूस, तोवर कधीच न आलेला, म्हणाला की त्याच्या घरामागचा उतार बांधकामासाठी खणून उघडा टाकलाय आणि त्या पावसात तिथून सबंध दिवस मातकट पाणी वाहत होतं. आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. ओघळी पडलेल्या, हात जाईल एवढ्या खोल. खाली नाली, आणि नालीच्या शेवटी आमचं तळं. तिथे आडवे बांध घालून गवत लावायचं बोलणं सुरू आहे. होईलच असं अजून नाही.

काठावर पाणकणीस आम्ही परत लावतोय. उपटलेल्यांपैकी काही मुळं चिखलात राहिली होती, त्यांचेच कोंब काढून. पहिली लावणी कुणीतरी तुडवली, दुसरी बदकांनी खाल्ली, तिसरीला जाळी घातली. आता कोंब वीतभर आलेत. परवा त्यांच्यावर एक लाल चतुर बसलेला दिसला. खंड्याही येऊन बसतो, पण त्याच्या भाराने देठ वाकतो आणि तो उडून जातो.

गुरुजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. म्हणून गेल्या रविवारी होडीत बसल्यावर त्यांनी दोर माझ्या हातात दिला आणि वही स्वतःकडे घेतली. "आज तू बघ," एवढंच म्हणाले. मी ओणवी झाले. पाण्याचा थंड, कोंदट वास चेहऱ्यावर आला. दोर ओला, खरखरीत, बोटांतून सरकत होता. पांढरा रंग पिवळसर झाला, मग हिरवट. मग ती वेळ आली, जिच्याबद्दल मी तीन वर्षं नुसतं लिहीत होते आणि जी कधी स्वतः पाहिली नव्हती. तबकडी गेली होती की होती, ते मला सांगता येईना. जिथे ती होती तिथे डोळा अजून एक फिकट गोल धरून बसला होता. मी डोळे मिटले, उघडले. काही नव्हतं. चिमट धरली. आणखी खाली सोडली, वर घेतली, डाग परत उमटला तिथे दुसरी चिमट. दोरावरच्या खुणा मी दोनदा मोजल्या. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याला लागेल, एवढं पाणी.

"अडतीस," मी म्हणाले.

आणि थांबले. गुरुजी काही विचारतील म्हणून. त्यांनी मान वर केली नाही. वहीवर पेन टेकल्याचा आवाज आला, मग तारीख लिहिल्याचा, आणि मग ते म्हणाले, "दोर नीट गुंडाळ, मागच्या वेळी गाठ बसली होती."